संगणकावर आवाज घडवताना: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवजयंतीच्या चित्ररथासाठी तोफेचा आवाज हवा होता, म्हणून मी पहिल्यांदा संगणकावर आवाज घडवायला बसलो. आमच्याकडे बेळगावात चित्ररथ म्हणजे सजीव देखावा. गल्लीतली पोरंच मावळे होतात, निवेदन आधी रेकॉर्ड केलेलं असतं आणि मागे आवाजांची जोड लागते. तेव्हापासून खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं, भजनी मंडळातली पेटीवाली मंडळी, कीबोर्डचे मास्तर असे अनेक जण मला तेच ते प्रश्न विचारतात. एकेकाला फोनवर सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढलं. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत.

आवाज घडवायचा म्हणजे काय? कीबोर्डवर तबला वाजतोय, तेच की?

ते नव्हे. कीबोर्डमधला तबला म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी खऱ्या तबल्यावर मारलेल्या थापेचं रेकॉर्डिंग. कळ दाबली की ते वाजतं. याला सँपलिंग म्हणतात. आवाज घडवणं म्हणजे सिंथेसिस. त्यात आधीचं रेकॉर्डिंग नसतं. संगणक दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे तयार करतो आणि त्या आकड्यांप्रमाणे स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो. ते आकडे कसे तयार करायचे हे तुम्ही ठरवता, आणि म्हणूनच जगात कुठंच नसलेलं वाद्यही तुम्हाला करता येतं.

ही कल्पना नवी नाही. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या खोलीभर पसरलेल्या यंत्रावर पहिल्यांदा असे सूर काढले. आपल्याकडे १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं यंत्र, बसवला गेला. त्या काळी त्याला हात लावायला मिळणं हे भाग्य. आज तेवढं, किंबहुना त्याहून जास्त काम तुमच्या घरातला जुना लॅपटॉप फुकटात करतो.

गाणं शिकलेलं नाही. गणितही कच्चं आहे. जमेल का?

जमेल. लागतो तो ऐकायचा धीर. टाळ आणि झांज यांच्या आवाजात फरक काय, हे ज्याला शब्दांत सांगता येतं तो निम्मं शिकलाच. गणित म्हणाल तर दुप्पट, निमपट आणि गुणोत्तर एवढं पुरे.

लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमचा. नवीन घेऊ का?

आधी घेऊ नका. सिंथेसिसला सँपलच्या लायब्ररीसारखी भरमसाठ जागा आणि मेमरी लागत नाही. प्युअर डेटा हे सॉफ्टवेअर तर अगदी जुन्या यंत्रावरही चालतं. व्हीसीव्ही रॅक हे दुसरं सॉफ्टवेअर मात्र जुन्या यंत्राला जड जातं, कारण त्याच्या चित्रांनाच ग्राफिक्सची ताकद लागते. वीज जाते त्या गावात असाल तर दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची सवय लावा. तासभर घासून आणलेला आवाज परत तसाच जमत नाही, हे मी स्वतः सोसलेलं आहे.

सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? प्रत्येक जण वेगळंच नाव सांगतोय.

माझं स्पष्ट मत: सुरुवात सर्ज एक्सटीवर करा. ते फुकट आहे. २०१८ मध्ये त्याच्या मूळ कर्त्यानं ते सर्वांसाठी खुलं केलं आणि तेव्हापासून स्वयंसेवक ते वाढवत आहेत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. दुसरं काही नसताना एकटंही उघडतं आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगिन म्हणूनही बसतं. शिवाय आपल्या कामाच्या दोन गोष्टी त्यात आहेत: छेडलेल्या तारेचा ऑसिलेटर आणि सूर आपल्या पट्टीप्रमाणे लावायची सोय. या दोन्हींबद्दल पुढे सांगतो.

व्हायटल दिसायला सुंदर आहे. नॉब फिरवला की लहर कशी बदलते ते समोर हलताना दिसतं, त्यामुळे डोळ्यांनी शिकणाऱ्यांना ते सोपं जातं. त्याची मूळ आवृत्ती फुकट आहे, प्रीसेट, म्हणजे आधीच करून ठेवलेले आवाज, तेवढे कमी मिळतात. ज्याला तारा जोडून वस्तू उघडून बघायची हौस आहे त्यानं प्युअर डेटा घ्यावं. मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात ते लिहायला घेतलं. कोऱ्या पानावर चौकटी मांडायच्या आणि रेघांनी जोडायच्या, की आवाज सुरू. प्रोग्रॅमिंग येणाऱ्या मुलांना सुपरकोलायडर आवडेल. १९९६ मध्ये जेम्स मॅककार्टनी यांनी ते आणलं आणि २००२ पासून ते मुक्त आहे. शाळेतल्या पोरांना मात्र मी सोनिक पाय देतो. एका ओळीत सूर, दुसऱ्या ओळीत थांबा. पंधरा मिनिटांत पोरगं स्वतःचा ठेका लिहून मोकळं होतं.

पण यातलं एकच घ्या आणि तीन महिने दुसऱ्याकडे बघू नका. दहा सॉफ्टवेअर उतरवून एकातही न रमलेली मुलं मी बरीच पाहिली आहेत. त्यांच्याकडे हजारो प्रीसेट असतात आणि स्वतःचा एकही आवाज नसतो.

सॉफ्टवेअर उघडलं तर शंभर नॉब. पहिलं काय फिरवू?

समोर पेटी आहे असं समजा. भाता हवा देतो, रीड थरथरतं, कळ सोडली की सूर थांबतो. सॉफ्टवेअरमध्येही हेच आहे, फक्त प्रत्येक काम वेगळं काढून मांडलेलं आहे.

थरथरतं रीड म्हणजे ऑसिलेटर. सर्जमध्ये प्रीसेटच्या यादीत साच्यांचा एक विभाग आहे, त्यातला 'इनिट सॉ' निवडा. करवतीच्या दात्यासारख्या लहरीचा हा उघडाबोडका आवाज आहे. एक कळ दाबून धरा. कर्कश वाटेल, आणि ते बरोबरच आहे. या लहरीत मूळ सुराबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे स्वरांश ठासून भरलेले असतात. पेटीचं रीडही असंच भरगच्च असतं. आता ऑसिलेटर बदलून साइन लावा. सगळे स्वरांश गेले, एकटा सूर उरला, बासरीहूनही कोरा. हे दोन आवाज आलटून पालटून दहा वेळा ऐका. इतर सगळं या दोन टोकांच्या मधे आहे.

परत करवतीवर या आणि फिल्टरला हात घाला. लो-पास फिल्टरचा कटऑफ हळूहळू खाली आणा. वरचे स्वरांश एकेक करून विझतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. बाजूला रेझोनन्स नावाचा नॉब असतो. तो थोडा वाढवून कटऑफ फिरवला, की 'ऊ'पासून 'आ'पर्यंत तोंड उघडत गेल्यासारखं वाटतं. आपलं तोंडही फिल्टरच आहे. गळ्यातून येणारा आवाज तोच राहतो, जीभ आणि ओठ हलले की स्वर बदलतो. फिल्टर पहिल्यांदा कानाला पटतो तो क्षण मोठा असतो. एका संध्याकाळी मी खानापूरच्या एका मुलाला हे दाखवलं, तर त्यानं दोन तास दुसरा नॉबच धरला नाही. तो बरोबर होता.

तिसरा एन्व्हलप. आवाज कसा उगवतो, कसा मावळतो, याचा हा आलेख. त्याला चार टप्पे: चढ, उतार, ठहराव आणि सोडल्यानंतरची शेपूट. सॉफ्टवेअरमध्ये त्यांची ए, डी, एस, आर ही अक्षरं दिसतील. पेटीत चढ थोडा सावकाश, ठहराव पूर्ण आणि शेपूट जवळजवळ नाही. हलगीत चढ शून्य, उतार क्षणाचा, ठहराव नाहीच. देवळाच्या घंटेत चढ शून्य आणि उतार दहा-पंधरा सेकंदांचा. हे तीन आकार त्याच करवतीच्या लहरीवर लावून बघा. लहर तीच असूनही कान तीन वेगळी वाद्यं समजायला लागतो. वाद्य ओळखताना आपण त्याच्या सुरुवातीच्या क्षणावर किती विसंबतो, ते तेव्हा कळतं.

चौथा एलएफओ, म्हणजे इतकी सावकाश लहर की ती स्वतः ऐकू येत नाही, दुसऱ्या नॉबला हलवते. सेकंदाला पाच-सहा वेळा सूर किंचित वरखाली केला की कंप येतो.

या चार गोष्टींवर दोन आठवडे काढा. बाकीच्या शहाण्णव नॉबना अजिबात हात लावू नका.

तोफेचा आवाज कसा करायचा? मंडळाला हवाय.

हा प्रश्न वैशाखाच्या तोंडावर हमखास येतो, म्हणून माझी कृतीच देतो.

तोफेत तीन भाग असतात. पहिला धक्का. साइन लहर घ्या, ती ११० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ११० कंपनं) सुरू होऊन साधारण दीड दशांश सेकंदात ४० हर्ट्झपर्यंत घसरेल असा एन्व्हलप सुराला जोडा, आणि आवाज दीड सेकंदात विझू द्या. ही घसरणच 'धडाम'मधला 'धडा' आहे. घसरण काढून टाकली तर नुसता गुंजारव उरतो. दुसरा भाग दारूचा भडका. सर्जच्या मिक्सरमध्ये नॉइजची वेगळी पट्टी आहे, ती उघडा. नॉइज म्हणजे पावसासारखा सगळ्या सुरांचा गोंधळ. त्याला लो-पास फिल्टरमधून न्या. कटऑफ ४,००० हर्ट्झवरून झटकन ३०० वर येऊ द्या. त्यानं मोठी गोष्ट लांब जात असल्याचा भास होतो. तिसरा भाग लोक विसरतात: कड्यावरून परतणारा प्रतिध्वनी. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरचा कडा १०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे प्रतिध्वनी ०.५८ सेकंदांनी हवा. डिले, म्हणजे आवाज उशिरानं परत आणणारी सोय, तेवढा ठेवा आणि परत येणाऱ्या आवाजाचे वरचे स्वरांश फिल्टरनं कापा. राजहंसगडाच्या तटावर उभं राहून एकदा टाळी वाजवून बघा, मग हे आकडे कोरडे वाटणार नाहीत.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मी हा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवरच घडवला. त्या चिमुकल्या स्पीकरमधून ४० हर्ट्झ ऐकूच येत नाही. मला वाटलं धक्का कमी पडतोय, म्हणून तो वाढवत नेला. मिरवणुकीत मोठ्या बॉक्सवर तो लागला तेव्हा निवेदकाचं पुढचं अख्खं वाक्य बुडालं आणि ट्रॉलीवरचा मावळा झालेला लहान मुलगा दचकून रडायला लागला. त्याच्या आईची मी माफी मागितली. तेव्हापासून बरा हेडफोन घातल्याशिवाय खालच्या सुरांना हात लावत नाही, आणि मिरवणुकीआधी एकदा खऱ्या बॉक्सवर कमी आवाजात ऐकून घेतो.

हेडफोन कुठला?

कान पूर्ण झाकणारा, वायरचा. ब्लूटूथ नको. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो, वाजवताना हात आणि कान यांची फारकत होते.

कळ दाबली की आवाज उशिरा येतोय. बिघाड आहे का?

बिघाड नाही. संगणक आकडे गठ्ठ्यानं पाठवतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर १,०२४ चा आणि सँपल रेट, म्हणजे सेकंदाचे आकडे, ४४,१०० असेल तर एकेका गठ्ठ्याला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे तबलजी तुमच्यापासून आठ मीटर लांब बसलाय असं समजा. बफर २५६ आणि रेट ४८,००० केला की साडेपाच मिलिसेकंदांच्या आत येतं, तबलजी शेजारी येऊन बसतो. विंडोजवर असिओ ड्रायव्हर (साउंड कार्डाशी थेट बोलणारं सॉफ्टवेअर) वापरा. साउंड कार्डाबरोबर आलेला नसेल तर 'असिओ फॉर ऑल' फुकट मिळतो. बफर फार कमी केला आणि आवाज तडतडायला लागला तर एक पायरी वर जा.

तबला करून बघितला, पण ताशासारखा वाजतोय. काय चुकतंय?

काही चुकत नाहीये, तुम्ही फार सुंदर गोष्टीला येऊन धडकला आहात. साध्या गोल कातड्याचे स्वरांश मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट नसतात. ते १.५९, २.१४, २.३० पट अशा वेड्यावाकड्या जागी पडतात. म्हणून हलगी, ताशा यांना ठोका असतो, नेमका सूर सांगता येत नाही. तबल्याच्या पुडीवर शाई असते. त्या थरांच्या वजनानं कातड्याचं कंपन बदलतं आणि स्वरांश जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुरेल जागी येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत हे मांडलं आणि पुढे त्यावर आणखी काम केलं. मंडळी पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात तेव्हा हातानं हेच चाललेलं असतं: वजन वाढवून आवाज हवा तिथं आणायचा.

तेव्हा तबल्याचा 'ना' हवा असेल तर पाच साइन लहरी १, २, ३, ४, ५ पटीत लावा, प्रत्येकीला वेगळा उतार द्या आणि सुरुवातीला नॉइजचा अगदी बारीक टिचका घाला. हलगी हवी असेल तर तीच मांडणी वरच्या वेड्यावाकड्या आकड्यांवर ठेवा. दोन्ही शेजारी शेजारी वाजवून बघा. शाई म्हणजे काय हे मला असं कळलं; त्याआधी वीस वर्षं मी तबल्याशेजारी बसून पेटी वाजवत होतो.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या चौंडक्यासारखा आवाज येईल का?

येईल, आणि सुरुवातीला करायला हा उत्तम आवाज आहे. चौंडकं वाजवताना तार छेडतात आणि तिचा ताण हातानं कमी-जास्त करतात, म्हणून सूर उसळतो आणि घसरतो. तारेचा ऑसिलेटर घ्या, उतार छोटा ठेवा आणि पिच बेंडची, म्हणजे वाजता सूर वर-खाली सरकवायच्या सोयीची, मर्यादा पाच-सहा स्वरांपर्यंत वाढवा. मग बेंडचं चाक मनगटानं हलवा, माउसनं नको. माउसनं केलेलं चौंडकं मेलेलं वाटतं.

भजनाला तानपुरा हवा. ॲपमधला कंटाळवाणा वाटतोय. स्वतः करता येईल?

येईल, आणि जरूर करा.

आधी तार. १९८३ मध्ये केविन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेची एक फार साधी युक्ती प्रसिद्ध केली. नॉइजचा छोटासा तुकडा घ्यायचा, तो फिरता ठेवायचा आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढायची. वरचे स्वरांश आधी विझतात, खालचे टिकतात, आणि कानाला तार ऐकू येते. सर्जमधला तारेचा ऑसिलेटर याच घराण्यातला.

आता सूर. षड्ज काळी एकचा धरला तर जोडीच्या तारा १३८.५९ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा म्हणजे ६९.३, आणि पंचमाची तार १०३.९४. जोडीच्या दोन तारा अगदी एकसारख्या ठेवू नका. एक ०.३ हर्ट्झनं वर घ्या, म्हणजे साधारण तीन सेकंदांनी एक सावकाश लाट येत राहील. ॲपचा तानपुरा कंटाळवाणा वाटतो तो बऱ्याचदा अशी लाट नसल्यामुळे.

राहिली जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा तो गुंजत राहणारा नाद. कागवाडहून हद्द ओलांडली की मिरज. तिथले कारागीर दीडशेहून अधिक वर्षं तानपुरे आणि सतारी घडवताहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा किंचित वाकडा घासायचा आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, एवढ्यावर सगळा खेळ. तार माथ्याला हलकेच घासत राहते आणि वरचे स्वरांश छेडल्यावर लगेच न येता मागाहून उमलतात. १९२१ मध्ये रामन यांनीच दाखवून दिलं, की तार जिथं छेडली त्या जागेमुळे जे स्वरांश यायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात येतात.

सॉफ्टवेअरमध्ये याची हुबेहूब नक्कल अवघड आहे, पण कानाला पटेल इतकं साधतं. प्रत्येक तारेला रेझोनन्स वाढवलेला फिल्टर लावा. छेडल्यापासून अर्ध्या-एक सेकंदात तो सावकाश उघडू द्या आणि मग तीन-चार सेकंदांत तितक्याच सावकाश खाली येऊ द्या. उघडण्याचा वेग बदलणं म्हणजे तुमचा दोरा सरकवणं. मी या एका नॉबवर चार रात्री घालवल्या. शेवटी मिरजेला एका कारागिराच्या दुकानात बसून त्यांना दोरा सरकवताना अगदी जवळून बघितलं. ते दोरा केसभर हलवत, तार छेडत, मान हलवत आणि परत हलवत. घरी येऊन मी तसंच केलं: नॉब केसभर, मग ऐकणं, मग परत केसभर. तेव्हा कुठं जमलं.

पेटीवरचा गंधार तानपुऱ्याशी भांडतोय असं गुरुजी म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये तो सुधारता येतो?

गुरुजी बरोबर सांगतात. पेटी आणि कीबोर्ड यांत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्या मापानं गंधार थोडा चढा पडतो. काळी एकच्या षड्जाचा पाचवा स्वरांश ६९३ हर्ट्झवर आहे, तर पेटीच्या गंधाराचा चौथा स्वरांश सुमारे ६९८.५ वर. दोघं एकत्र वाजले की सेकंदाला साडेपाच वेळा थरथर होते, तेच भांडण. खरा गंधार षड्जाच्या ५/४ पट, म्हणजे १७३.२४ हर्ट्झ. पेटीचा १७४.६१. एवढ्याशा फरकात रागाचा रंग जातो.

सर्जमध्ये स्काला नावाच्या फाइलीतून सूर लावता येतात. साध्या मजकुराची ही फाइल असते, वहीत लिहावी तशी. त्यात कोमल रिषभापासून तार षड्जापर्यंत क्रमानं १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८, २/१ हे गुणोत्तर लिहा. षड्ज काळी एकवर हवा असेल तर जोडीची कळमांडणीची फाइलही लागते, नाहीतर ते पांढरी एकलाच षड्ज धरतं. मग गंधार तानपुऱ्यावर धरून बघा. थरथर थांबते आणि दोन आवाज एकमेकांत विरघळतात. हे गुणोत्तर सगळ्या रागांना पुरत नाहीत. दरबारीचा गंधार यात सापडणार नाही, तो गायकाच्या गळ्यातूनच शोधावा लागेल. पण आपल्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ मध्ये कुमार गंधर्व जन्मले. त्यांच्या मुलखातल्या माणसानं गंधाराची एवढी काळजी घ्यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

देवळाच्या घंटेचा आवाज फिल्टरनं काही केल्या जमत नाही.

कारण घंटेचे स्वरांश पटीत नसतात, आणि करवतीतून कितीही कापलं तरी उरतात ते पटीतलेच. इथं एफएम वापरा: एक लहर दुसऱ्या लहरीचा सूर फार वेगानं हलवते. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांना हे १९६७ मध्ये सापडलं. पुढे यामाहानं ते परवान्यानं घेतलं आणि १९८३ चा डीएक्स ७ त्यातून आला. चाउनिंग यांचीच घंटेची कृती: मूळ लहर २०० हर्ट्झ, हलवणारी २८०, आणि हलवण्याची तीव्रता सुरुवातीला भरपूर देऊन पंधरा सेकंदांत शून्यावर. कपिलेश्वराच्या घंटेइतकी भारदस्त हवी असेल तर दोन्ही आकडे निम्मे करा. डीएक्स ७ ची नक्कल करणारं डेक्स्ड हे सॉफ्टवेअरही फुकट मिळतं.

उंच सूर वाजवला की खालूनच कुठला तरी बेसूर आवाज येतोय.

प्युअर डेटात करवतीची लहर थेट वापरली की हे होतं. सँपल रेटच्या निम्म्याहून वरचे सूर संगणकाला मांडता येत नाहीत. रेट ४८,००० असेल तर ३०,००० हर्ट्झचा स्वरांश आरशातून परतल्यासारखा १८,००० वर येऊन पडतो. सर्ज, व्हायटल यांत ही काळजी आधीच घेतलेली असते.

मोबाइलवर शिकता येईल?

आयफोन असेल तर गॅरेजबँडमध्ये बरंच करता येतं. अँड्रॉइडवर मी घडवायला बसत नाही, पण ऐकायला तो फार उपयोगी आहे. स्पेक्ट्रॉइड हे फुकट ॲप टाका आणि टाळ, घंटा, म्हशीच्या गळ्यातलं लोढणं, एसटीचा हॉर्न, जे समोर येईल त्याचे स्वरांश पडद्यावर बघत जा.

मेनू सगळा इंग्रजीत. मुलगा कन्नड माध्यमात शिकलाय, त्याला कळेल?

कळेल. जास्तीत जास्त पंचवीस शब्द आहेत. मी ते एका पुठ्ठ्यावर लिहून संगणकाशेजारी लावतो. इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, कन्नड अर्थ आणि पुढे एक ओळखीचा आवाज: रिलीज म्हणजे घंटेची शेपूट, अटॅक म्हणजे हलगीचा पहिला ठोका. गोकाककडच्या एका मित्रानं कन्नड रकाना भरून दिला. आता दोन्ही भाषांची मुलं एकाच पुठ्ठ्यावर शिकतात.

महागडं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं मिळतंय, घेऊ?

नको. त्यातून व्हायरस येतात, आणि वर सांगितलेल्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जे होत नाही असं सुरुवातीला तुम्हाला काहीच लागणार नाही.

मी केलेल्या आवाजावर हक्क कुणाचा?

तुमचा. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं असलं तरी त्यातून निघालेला आवाज तुमचाच. दुसऱ्याचं सँपल वापरलं असेल तर त्याचा परवाना वाचा.

आवाज किती मोठा ठेवायचा?

घडवताना कमी. फिल्टरचा रेझोनन्स एकदम शिट्टी मारतो, हेडफोनमध्ये ती थेट कानात जाते. म्हणून शेवटी लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारी सोय) लावूनच बसा. बाहेर वाजवताना २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू आहेत: वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सणाच्या मोजक्या दिवसांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तोफ मोठ्यानं वाजली म्हणून खरी वाटत नाही. तिच्या आधी दोन सेकंद शांतता ठेवा, ती खरी वाटेल.

तयार आवाज मंडळाला द्यायचा कसा?

वेव्ह फाइल, ४८,००० रेट, १६ बिट. पेनड्राइव्हवरची २४ बिटची फाइल काही मिक्सर वाचत नाहीत. सगळ्यात मोठा ठोका सॉफ्टवेअरच्या मीटरवरच्या शून्यापासून एखादा डेसिबल खाली राहू द्या. फाइलच्या सुरुवातीची रिकामी जागा कापा, नाहीतर मावळा बत्ती लावेल आणि तोफ अर्ध्या सेकंदानं वाजेल. नावं क्रमांकानं द्या, '०१ तोफ', '०२ घोड्यांच्या टापा', '०३ वारा', कारण रात्री गर्दीत, अंधारात, ट्रॅक्टरच्या मागे बसलेला ऑपरेटर फक्त आकडा बघतो. आणि तोच पेनड्राइव्ह आणखी एक करून स्वतःच्या खिशात ठेवा.